मेमो आला म्हणजे नोकरी गेली असं नाही : शिस्तभंग कारवाई, चौकशी आणि अपिलाच्या मुदती

नाशिक : सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरीच्या औद्योगिक वसाहतींत गावाकडून रोज ड्युटीला येणारे कामगार, एसटीचे चालक-वाहक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी, खासगी शाळांतले शिक्षक आणि शिपाई या सगळ्यांना एका कागदाची धास्ती असते. तो कागद म्हणजे मेमो. कुणाला कारणे दाखवा नोटीस येते, कुणाला चार्जशीट, तर कुणाला थेट निलंबनाचा आदेश.

कागद हातात पडला की बरेच जण घाबरून दोनपैकी एक चूक करतात. काही जण समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करतात. काही जण सहीच करत नाहीत, कागदही घेत नाहीत आणि घरी येऊन बसतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. आरोप म्हणजे शिक्षा नाही. शिक्षेच्या आदेशावरही वर दाद मागता येते. मात्र त्या प्रत्येक पायरीला मुदत असते, आणि ती टळली तर बाजू खरी असूनही दार बंद होऊ शकतं. ही सगळी पद्धत टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आधी बघा, आपण कोणत्या नियमाखाली येतो

सगळ्या नोकऱ्यांना एकच नियम लागू नाही. शेजाऱ्याच्या केसमध्ये जे झालं तेच आपल्याला लागू होईल असं समजू नका.

• राज्य सरकारचे कर्मचारी (महसूल, पोलीस, कृषी, आरोग्य वगैरे खाती) : महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. पोलिसांसारख्या काही खात्यांना त्यांचे वेगळे नियमही आहेत.

• जिल्हा परिषदेचे कर्मचारी (प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक) : महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४.

• खासगी शाळांतले शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी : महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालचे १९८१ चे नियम.

• एसटी कर्मचारी : महामंडळाची स्वतःची शिस्त व आवेदन कार्यपद्धती.

• कारखान्यातले कामगार : कंपनीचे स्थायी आदेश, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. औद्योगिक विवाद कायदा, स्थायी आदेश कायदा आणि कामगार संघटना कायदा हे तीन जुने केंद्रीय कायदे तिच्यात सामावले गेले. संहितेनुसार ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला स्थायी आदेश बंधनकारक आहेत. आपली कंपनी त्यापेक्षा लहान असली तरी कामावरून काढल्याबद्दल दाद मागण्याचा कामगाराचा हक्क जात नाही.

लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून कामाला असाल तर आपला मालक कागदावर कोण आहे ते आधी पाहा. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर, ईएसआयचं कार्ड, गेटपास हे सगळे नोकरीचे पुरावे आहेत. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा.

गैरवर्तन म्हणजे नेमकं काय?

साहेबांना राग आला म्हणजे गैरवर्तन झालं असं होत नाही. स्थायी आदेशात किंवा सेवानियमात गैरवर्तनाच्या बाबी लिहिलेल्या असतात. चोरी, अफरातफर, कामावर नशा, मारामारी, जाणूनबुजून आज्ञा न पाळणं, परवानगीशिवाय दीर्घ गैरहजेरी, मालाचं किंवा मशीनचं मुद्दाम नुकसान, लाच, कामावर झोपणं, या नेहमीच्या बाबी. स्थायी आदेश लागू असलेल्या ठिकाणी यादीत न बसणारी गोष्ट गैरवर्तन ठरवून शिक्षा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सो कंपनीच्या १९८३ च्या खटल्यात सांगितलं. म्हणून चार्जशीट आली की पहिला प्रश्न हा विचारा : कोणत्या कलमाखाली आरोप ठेवला आहे?

पण यादीत बसणारी चूक लहान दिसली तरी हलक्यात घेऊ नका. पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीतला एक कामगार ऑगस्ट १९८३ मध्ये भर ड्युटीत लोखंडी पत्र्यावर झोपलेला आढळला. याआधी त्याला तीन वेळा शिक्षा झालेली होती. चौथ्या वेळी कंपनीने चौकशी करून त्याला कामावरून काढलं. कामगार न्यायालयाला ती शिक्षा जास्त वाटली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये कंपनीची कारवाई योग्य ठरली. वीस वर्षांहून जास्त काळ कोर्टात गेला आणि शेवटी नोकरी मिळाली नाही. जुने मेमो फाईलमध्ये साठत जातात आणि शेवटी तेच अंगावर येतात, हा यातला धडा.

वाहकांच्या बाबतीत पैशाचा प्रश्न आणखी कडक आहे. कर्नाटकातल्या एका वाहकाजवळ तपासणीत हिशोबापेक्षा ९३ रुपये जास्त सापडले. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही, विश्वास गेला हे महत्त्वाचं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याची बडतर्फी कायम ठेवली.

कारवाईचे टप्पे

मोठी शिक्षा द्यायची असेल तर साधारण हा क्रम पाळावा लागतो :

१. मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस. यात खुलासा मागतात.

२. दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. आरोप काय, घटना कधी व कुठे घडली, पुराव्याचे कागद कोणते, साक्षीदार कोण, हे त्यात स्पष्ट हवं. 'तुमचे वर्तन चांगले नाही' एवढा मोघम आरोप पुरेसा नाही.

३. लेखी उत्तर देण्याची संधी.

४. चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक आणि सुनावणीच्या तारखा. कार्यालयात याला विभागीय चौकशी किंवा 'डीई' म्हणतात, तर कंपनीत 'डोमेस्टिक इन्क्वायरी'.

५. साक्षीपुरावा. आधी कार्यालयाची किंवा कंपनीची बाजू, मग कर्मचाऱ्याची.

६. चौकशी अहवाल. त्याची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्यावर म्हणणं मागवणं.

७. अंतिम आदेश.

८. अपील.

किरकोळ शिक्षेसाठी एवढी मोठी चौकशी दर वेळी होत नाही. तिथे आरोप कळवून लेखी म्हणणं मागवतात आणि त्यावर निर्णय घेतात. म्हणून साध्या वाटणाऱ्या नोटिशीलाही वेळेत उत्तर देणं गरजेचं आहे. अनेकदा तीच एकमेव संधी असते.

निलंबन ही शिक्षा नाही

निलंबन म्हणजे चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवणं. या काळात नोकरी संपलेली नसते. सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त वेळ पोलीस कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित मानला जातो.

निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. कारखान्यातल्या कामगाराला पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के. चौकशी साधारणपणे निलंबनापासून ९० दिवसांत पुरी करावी, असंही संहितेत आहे. सरकारी कर्मचाऱ्याला सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका भत्ता मिळतो आणि तीन महिन्यांनंतर त्यात वाढ होऊ शकते. चौकशी लांबवण्याला कर्मचारीच जबाबदार ठरला तर तो कमीही होऊ शकतो.

या भत्त्यामागे महाराष्ट्रातलाच एक खटला आहे. पूर्वीच्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती की, फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या आणि अपील प्रलंबित असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महिन्याला फक्त १ रुपया निर्वाह भत्ता द्यायचा. एका रुपयात घर कसं चालणार? सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ही तरतूद रद्द केली. पुढे १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणातही न्यायालयाने कर्मचाऱ्याची बाजू घेतली. भत्ता न मिळाल्यामुळे त्याच्याकडे चौकशीला जायलाही पैसे नव्हते आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली गेली होती. ती चौकशीच न्यायालयाने दोषी ठरवली.

भत्ता मिळत नसेल तर लेखी अर्ज करा आणि पोहोच घ्या. निलंबनात आदेशात ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडू नका आणि दुसरीकडे कामाला लागू नका. तसं केलं तर भत्ता अडतो आणि नवा आरोपही लागतो.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात दिला. त्याला अनुसरून राज्य सरकारने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला. तीन महिने होऊनही चार्जशीट नसेल तर या शासन निर्णयाचा हवाला देऊन अर्ज करा.

चौकशीत आपले हक्क

• कागद मागा : ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. मागणी लेखीच करा.

• मदतनीस घ्या : सरकारी नोकरीत दुसरा सरकारी कर्मचारी बचाव सहायक म्हणून घेता येतो. कारखान्यात सहकारी कामगार किंवा युनियनचा पदाधिकारी. वकील सहसा चालत नाही. पण समोरच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस उभा केला असेल तर आपणही वकील मागू शकतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याला याच मुद्द्यावर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला.

• उलटतपासणी करा : आपल्याविरुद्ध बोललेल्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आपलेही साक्षीदार देता येतात.

• अहवाल मागा : चौकशी अधिकारी वेगळा आणि शिक्षा देणारा साहेब वेगळा असेल, तर शिक्षा देण्याआधी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावीच लागते. हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे ठरवून दिलं.

• परस्पर नाव कमी करता येत नाही : 'आठ दिवस आला नाही, म्हणून पटावरून नाव काढलं' असं अनेक कंपन्यांत ऐकू येतं. हरियाणातल्या एका कारखान्याने अशाच नियमावर बोट ठेवून कामगाराला काढलं होतं. बाजू मांडायची संधी न देता असं करणं चूक आहे, असा निकाल १९९३ मध्ये लागला. त्या कामगाराला अर्ध्या थकीत पगारासह परत घ्यावं लागलं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'पोलीस केसमध्ये निर्दोष सुटलो की नोकरी आपोआप परत' असं नसतं. कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत तेवढा कडक पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे ते पाहतात. हरियाणाच्या एका वाहकाने १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुद्दा मांडला होता की, बसमधल्या प्रवाशांना साक्षीला बोलावलं नाही. तेवढ्यावरून चौकशी रद्द होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून चौकशीलाच कोर्ट समजून पूर्ण तयारीने जा.

चौकशीच्या तारखेला गेला नाहीत तर एकतर्फी चौकशी होते. मग कागदावर आपली बाजूच उरत नाही. आजारपण असेल तर सरकारी दवाखान्याचा दाखला जोडून पुढची तारीख लेखी मागा.

किरकोळ शिक्षा, मोठी शिक्षा

१९७९ च्या नियमांनुसार ठपका ठेवणं, पदोन्नती रोखणं, नुकसानीची पगारातून वसुली, वेतनवाढ रोखणं या किरकोळ शिक्षा आहेत. खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी या मोठ्या शिक्षा.

काढून टाकणं आणि बडतर्फी यांत फरक आहे. काढून टाकलेला माणूस पुढे दुसऱ्या सरकारी नोकरीला पात्र राहू शकतो. बडतर्फ झालेल्याला सहसा ते दारही बंद होतं. आदेशात नेमका कोणता शब्द आहे ते नीट वाचा.

सरकारी कर्मचाऱ्याला राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण आहे. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही, आणि काही अपवाद सोडले तर चौकशीशिवाय बडतर्फी होत नाही.

अपील कुठे आणि किती दिवसांत?

मुदत आदेश आपल्याला मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून आदेश घेताना सहीखाली तारीख लिहायला विसरू नका.

• राज्य सरकारी कर्मचारी : ४५ दिवसांत वरिष्ठ अपील अधिकाऱ्याकडे. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. अपील फेटाळलं तर एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'कडे जाता येतं. अपिलावर सहा महिन्यांत काहीच निर्णय आला नाही तरी मॅटचा रस्ता खुला होतो, आणि तिथून पुढे एक वर्षाची मुदत असते. नाशिक जिल्ह्यातली प्रकरणं मॅटच्या मुंबई पीठाकडे जातात.

• जिल्हा परिषद कर्मचारी : मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शिक्षेच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे. हे कार्यालय नाशिकरोडला आहे. आदेशात लिहिलेली मुदत आधी पाहा.

• खासगी शाळेचे कर्मचारी : बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती झाली तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे. ही सगळ्यांत कमी मुदत आहे. संस्थाचालकांशी बोलणी करण्यात महिना गेला तर पंचाईत होते. बोलणी चालू ठेवा, पण अपील आधी दाखल करा.

• कारखान्यातले कामगार : कंपनीच्या स्थायी आदेशात वरिष्ठांकडे अपिलाची सोय असेल तर ती वापरा. त्याचबरोबर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. नव्या संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाचं काम चालवता येत नाही. पूर्वी काढून टाकलेल्या कामगाराला तीन वर्षांची मुदत होती. त्यामुळे जुन्या माहितीवर राहू नका. समेट झाला नाही तर समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीलाही ९० दिवसांचीच मुदत ठेवली आहे. थोडक्यात, कामगाराने पहिल्या ९० दिवसांच्या आत हालचाल केलेली बरी.

• देखरेखीचं काम करणारे : ज्यांचं काम सुपरवायझरचं आहे आणि वेतन महिन्याला १८ हजारांपेक्षा जास्त आहे, ते संहितेत 'कामगार' धरले जात नाहीत. त्यांनी वकिलाचा सल्ला घेऊनच दिशा ठरवावी.

• कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ : २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे तक्रार करायची. दहापेक्षा कमी लोक असलेल्या ठिकाणी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे. समितीच्या शिफारशीविरुद्ध दोन्ही बाजूंना ९० दिवसांत अपील करता येतं.

पंचवीस मेमो आणि एक शिक्षिका

अपिलात काय ताकद असते, ते मराठवाड्यातल्या एका प्रकरणातून दिसतं. तेव्हाच्या औरंगाबादमधली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधली एक खासगी प्राथमिक शाळा. महापालिकेने कर वाढवला, म्हणून संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याकडून महिन्याला १५०० रुपये मागितले. एका शिक्षिकेने नकार दिला. त्यानंतर तिला तब्बल २५ मेमो देण्यात आले. नोव्हेंबर २००६ मध्ये तिला निलंबित केलं आणि जून २००७ मध्ये कामावरून काढलं.

तिने शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने काढून टाकण्याचा आदेश रद्द केला आणि थकीत पूर्ण पगार देण्यास सांगितलं. उच्च न्यायालयाने थकीत पगाराचा भाग काढून टाकला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ ऑगस्ट २०१३ रोजी पूर्ण पगाराचा आदेश पुन्हा कायम झाला. चुकीच्या पद्धतीने काढलेल्या कर्मचाऱ्याला परत घेताना थकीत पगार मिळणं हा साधारण नियम आहे, असं या निकालात म्हटलं आहे. आजही देशभर थकीत पगाराच्या भांडणात हा निकाल दाखवला जातो.

त्यातच एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. काढून टाकल्यानंतरच्या काळात आपल्याला दुसरीकडे नोकरी नव्हती, हे कर्मचाऱ्याने आपल्या अर्जात किंवा पहिल्या कोर्टातल्या जबाबात सांगायला हवं. ते सांगितल्यावर, नोकरी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. बरेच जण ही एक ओळ लिहायची विसरतात आणि पगाराचा हक्क कमकुवत होतो.

एसटी संपात काय झालं?

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एसटीचा संप सगळ्यांनी पाहिला. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करावं ही मुख्य मागणी होती. पाच महिन्यांहून जास्त काळ खेड्यापाड्यांतल्या गाड्या बंद होत्या. या काळात हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितलं, आणि हजर होणाऱ्यांना परत घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

यातून दोन्ही बाजू शिकण्यासारख्या आहेत. बडतर्फीचा आदेशही शेवटचा शब्द नसतो, ही एक. दुसरी म्हणजे, हजारो लोक एकत्र असताना मिळालेली सवलत एकट्या कर्मचाऱ्याला मिळेलच असं नाही. 'तेव्हा सगळ्यांना परत घेतलं, आपल्यालाही घेतील' या भरवशावर बसून राहू नका. एकट्या माणसाचा रस्ता अपिलाचाच आहे. आणि तिथेही कोर्टाने दिलेली तारीख पाळावी लागली होती, हे विसरू नका.

अपील अर्जात काय लिहायचं?

अर्ज स्वतःच्या नावाने करा. अपील अधिकाऱ्याच्या नावाने लिहा आणि शिक्षा देणाऱ्या कार्यालयालाही एक प्रत द्या. भाषा साधी ठेवा. साहेबांना शिव्याशाप, टोमणे, राजकारणाचे आरोप लिहिले तर मुद्दा बाजूला राहतो. नमुना असा :

"मा. ............ (अपील अधिकारी) यांच्याकडे. विषय : आदेश क्रमांक ...... दिनांक ...... विरुद्ध अपील. मी ...... या पदावर ...... पासून काम करतो. वरील आदेश मला दिनांक ...... रोजी मिळाला. हे अपील मुदतीत आहे. माझ्यावरील आरोप थोडक्यात असा : ...... आदेश चुकीचा का आहे : (१) मला मागितलेली कागदपत्रे मिळाली नाहीत. (२) साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही. (३) चौकशी अहवालाची प्रत दिली नाही. (४) आरोप सिद्ध होत नाही, कारण ...... (५) शिक्षा आरोपाच्या मानाने फार मोठी आहे. माझी आधीची सेवा ...... वर्षे असून पूर्वी शिक्षा झालेली नाही. दिनांक ...... पासून मी कुठेही नोकरीला नाही. तरी आदेश रद्द करावा, किंवा शिक्षा कमी करावी. सोबत : आदेशाची प्रत, चार्जशीट, माझे उत्तर, चौकशी अहवाल."

जे मुद्दे आपल्या प्रकरणात खरे आहेत तेवढेच लिहा. एक खोटा मुद्दा बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन घालवतो.

अपील अधिकारी शिक्षा रद्द करू शकतो, कमी करू शकतो, तशीच ठेवू शकतो किंवा पुन्हा चौकशीला पाठवू शकतो. सरकारी नियमांत शिक्षा वाढवण्याचाही अधिकार आहे, पण त्याआधी कर्मचाऱ्याला म्हणणं मांडू द्यावं लागतं.

या चुका टाळा

• कोऱ्या कागदावर किंवा आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. 'राजीनामा दे, फायनल हिशोब लगेच करतो' असं म्हटलं तरी घाई नको. राजीनामा दिला की अपील करायला आदेशच उरत नाही. तो दबावाने घेतला हे सिद्ध करणं फार अवघड असतं.

• नोटीस घ्यायला नकार देऊ नका. घेतल्याने आरोप मान्य होत नाही. सहीजवळ 'फक्त प्रत मिळाली, आरोप मान्य नाहीत' असं लिहून तारीख टाका.

• तोंडी खुलासा पुरेसा मानू नका. लेखी द्या, आवक क्रमांकासह पोहोच घ्या. कार्यालय घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

• 'चूक झाली, माफ करा' असं घाईघाईत लिहून देऊ नका. तो कबुलीजबाब म्हणून वापरला जाऊ शकतो. चूक खरोखर झाली असेल तर काय, कसं आणि किती झालं ते नेमकं लिहा.

• गेटवर वाद, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांविरुद्ध मेसेज, हे टाळा. मूळ आरोप राहतो बाजूला आणि नवी चार्जशीट येते.

• गेट बंद केलं असेल तर त्याच दिवशी 'मी कामावर हजर होण्यास तयार आहे, मला आत घेतले नाही' असं लेखी पाठवा. नाहीतर पुढे 'तोच येत नव्हता' असं सांगितलं जातं.

मदत कुठे मिळेल?

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अपील सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा आपल्या तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. सरकारी कार्यालयातले कागद अडत असतील तर माहिती अधिकाराचा अर्जही टाकता येतो.

आज घरात कुणाला नोटीस आलेली असेल तर तीन कामं आजच करा. नोटिशीचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. ती मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि शेवटच्या दिवसावर खूण करा. मग उत्तराचा कच्चा मसुदा लिहायला घ्या आणि युनियनच्या माणसाला किंवा विधी सेवा समितीतल्या वकिलाला दाखवा. नोटीस घरच्यांपासून लपवून ठेवण्यात जे चार-आठ दिवस जातात, तेच पुढे अपिलाच्या वेळी कमी पडतात.